माझ्या दगडांचं गाव शोधून देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

आभार फोनवर मानले होते, पण तुमचं काम चार लोकांना कळावं म्हणून हे जाहीर पत्र.

माझं लहानपण गोव्यातल्या डिचोलीतलं. बाबा खाणीवरून येताना खिशातून एखादा दगड आणायचे. पुण्याचा मामा सुट्टीला आला की स्फटिक मिळायचे. कुठला दगड कुठचा, हे लिहिलेल्या चिठ्ठ्या पुढे वाळवीने खाल्ल्या, दगड तेवढे राहिले. तेच घेऊन मी तुमच्याकडे आले.

तुम्ही नाव सांगायची घाई केली नाहीत. फरशीच्या टाइलची खरखरीत मागची बाजू पुढे केलीत आणि तो जड, चकचकीत काळा दगड मलाच घासायला लावलात. रेघ उमटली ती विटकरी लाल! म्हणजे हेमॅटाइट, लोखंडाचं खनिज. मॅग्नेटाइट हे दुसरं लोहखनिज असतं तर रेघ काळी आली असती, लोहचुंबकही घट्ट चिकटला असता. मग भिंगातून त्याचे काळे-पांढुरके पट्टे दाखवलेत. आमच्याच डिचोली-शिरगाव भागातला पट्टेदार खडक. बाबांच्या खिशातला! बोटं काळी करणारा दुसरा दगड पायरोलुसाइट, म्हणजे मँगनीजचा.

हिरवट स्फटिकापाशी तुम्ही सर्वांत जास्त रमलात. चौकोनी अंग, सपाट माथ्यावर मोत्याची झाक, म्हणून ॲपोफिलाइट. शेजारी पेंढीसारखा बांधलेला स्टिलबाइट. पण ठिकाण सांगितलं ते बुडाला चिकटलेल्या काळ्या कातळाने, म्हणजे थिजलेल्या लाव्हाने. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे गरम पाण्यातून असे स्फटिक वाढले. हिरव्या ॲपोफिलाइटसाठी पुण्याचं पाषाण नावाजलेलं, मामाही पुण्याचा. तरी तुम्ही चिठ्ठीवर लिहिलंत, ‘पुणे परिसर, बहुधा’.

आणि तो पारदर्शक क्वार्ट्‌झ. त्याच्या बुडाचा खडक कुणीतरी छिनून टाकलेला. मी गोव्याचं नाव घालूया म्हणत होते. तुम्ही शांतपणे ‘ठिकाण अज्ञात’ लिहिलंत. सर, माझ्या मते तुमची सगळ्यात मोठी मदत तीच. त्या एका चिठ्ठीमुळे बाकीच्या चिठ्ठ्यांवर माझा पूर्ण विश्वास बसला.

सांगितल्याप्रमाणे एकही दगड घासूनपुसून ठेवलेला नाही. मामेभावाकडे मामाच्या जुन्या वह्या आहेत, त्या मागवल्यात. चतुर्थीला नेवऱ्या घेऊन येते तेव्हा त्याही आणीन. पाषाणचा उल्लेख सापडलाच, तर ‘बहुधा’ तुम्हीच खोडायचं.

आपली नम्र,
डिचोलीची एक विद्यार्थिनी