तारे नकोत, पाकिटावर काळी खूण हवी

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, स.न.वि.वि.

पाकीटबंद पदार्थांच्या पुढच्या बाजूला पोषणाचे तारे छापावेत, असा मसुदा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (FSSAI) 2022 मध्ये काढला. त्याऐवजी इशाऱ्याची काळी खूण हवी, यासाठी हे पत्र. शाकाहाराचा हिरवा ठिपका अक्षरओळख नसलेल्यालाही कळतो. त्याच पाकिटात मीठ किती, हे काढायला मात्र आम्हा आहारतज्ज्ञांनाही पाकीट उलटवून, मागच्या शिवणीखाली दबलेला तक्ता सरळ करून हिशेब मांडावा लागतो.

नागपूरच्या इतवारी बाजारातल्या किराणा दुकानातलं शेवेचं 50 ग्रॅमचं पाकीट घ्या. समजा, 100 ग्रॅममागे सोडियम 800 मिलिग्रॅम आहे. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं: 100 ग्रॅममागे 2 ग्रॅम. दिवसाची मर्यादा 2000 मिलिग्रॅम सोडियम. पण 'एका वेळचं प्रमाण' 20 ग्रॅम धरलं की छापायला मिळतात त्या मर्यादेच्या फक्त 8 टक्के. 20 ग्रॅम शेव म्हणजे पोह्यांवर भुरभुरण्यापुरती! फोडलेलं पाकीट बहुतेक वेळा संपतंच, आणि मग ते 20 टक्के होतात.

त्या मसुद्यातले अर्ध्यापासून पाचपर्यंतचे तारे इथेच फसतात. साखर, मीठ, संपृक्त चरबीचे दोषांक मोजून त्यातून प्रथिनं, तंतू, फळं-डाळींचे गुण वजा होतात. म्हणजे बेसनातलं प्रथिन मिठावर पांघरूण घालतं. रक्तदाबाच्या रुग्णाला सरासरी काय कामाची? त्याला मीठच कळायला हवं. चिलीने 2016 पासून साखर, सोडियम, संपृक्त चरबी आणि उष्मांक यांसाठी वेगवेगळे काळे अष्टकोन लावले. आपल्याकडे एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा पुढच्या बाजूच्या लेबलाबाबत तज्ज्ञ समितीला तीन महिने दिले, पुढे मुदत वाढली.

आता आपल्या संत्र्याचं. पाकिटावर रसरशीत फोड, पण 'फ्रूट ड्रिंक' म्हणवून घ्यायला 10 टक्के रस पुरतो. 200 मिलीच्या डब्यात तो साधारण 20 मिली. 100 मिलीत 12 ग्रॅम साखर घातलेली असेल, तर डब्यात 24 ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या 50 ग्रॅमच्या मर्यादेतली जवळजवळ निम्मी.

सगळ्यात मोठी पळवाट छोट्या पुड्यांची. 100 चौरस सेंटिमीटरपर्यंत पृष्ठभाग असलेल्या वेष्टनाला घटकांची यादी आणि पोषण तक्त्यातून सूट आहे. ती माहिती मोठ्या खोक्यावर असते, आणि खोकं राहतं दुकानदाराकडे. पाच रुपयांची पुडी घेणाऱ्या पोराला ते दिसणार कधी? शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकायला 2020 च्या नियमांनी बंदी आहे, पण यातली पुडी कोणती, हे पुडीवरच नसेल तर निरीक्षक काय तपासणार?

म्हणून काळी खूण पुढच्या बाजूला हवी, साखर, मीठ, चरबी प्रत्येकाची वेगळी, 100 ग्रॅम किंवा 100 मिलीवर ठरलेली, आणि छोट्या पुडीलाही सूट नको. लेबलावरचे शब्द आज इंग्रजी किंवा हिंदीत चालतात, मराठी ऐच्छिक आहे. निदान खुणेखालचा 'मीठ जास्त' एवढा मजकूर तरी महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मालावर मराठीत सक्तीचा करावा.

आपले,
नागपुरातील आहारतज्ज्ञ