पुरळ उठले म्हणजे घामोळेच असे नाही

संपादक महोदय,

धावताना अंगावर उठणाऱ्या प्रत्येक पुरळाला घामोळे समजून पावडर थापण्याची सवय सोडली पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. घामाच्या नलिका तुंबल्याने येणारे घामोळे काही दिवस टिकते. थंड पाण्याची अंघोळ, सैल कपडे आणि थोडी विश्रांती यांनी ते निवते, तर पावडर व तेलकट मलमांनी छिद्रे आणखी बुजू शकतात. मात्र अंग तापताच काही मिनिटांत बारीक, खाजऱ्या गांधी उठून तासाभरात मावळत असतील, तर ते बहुधा श्रमाने उठणारे शीतपित्त असते (मलाही हा फरक फार उशिरा कळला) आणि त्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने अँटिहिस्टामिन हे ॲलर्जीवरचे औषध घेता येते. गांधींसोबत ओठ सुजले, श्वास कोंडला किंवा भोवळ आली, तर धावणे तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे.

– नियमित धावणारा एक वाचक