मनाचे नवीकरण म्हणजे दुःखाचे विस्मरण नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संकटकाळात मन कसे सावरावे, विचार कसे सकारात्मक ठेवावेत, याविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत अधूनमधून लेख येतात आणि मी ते वाचत असते. त्यांच्या हेतूविषयी माझी तक्रार नाही. परंतु त्या लेखांत जी उणीव जाणवते, तीच मला आम्हा ख्रिस्ती लोकांच्या उपदेशांतही जाणवते, आणि ती म्हणजे दुःखाला शक्य तितक्या लवकर उंबऱ्याबाहेर काढण्याची घाई. येत्या ५ एप्रिलला पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन आहे आणि उत्तम शुक्रवारही (गुड फ्रायडे) जवळ आला आहे, म्हणून याविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

विचारांच्या परिवर्तनाचा विषय निघाला की आमच्याकडे बायबलमधील, प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील बाराव्या अध्यायाचे वचन हमखास उद्धृत होते : "ह्या युगाबरोबर समरूप होऊ नका, तर आपल्या मनाच्या नवीकरणाने स्वतःचे रूपांतर होऊ द्या." मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले, त्यामुळे माझे लक्ष 'होऊ द्या' या क्रियापदावर आधी जाते. मूळ ग्रीकमध्येही तेथे कर्मणी आज्ञार्थ आहे. पौल 'रूपांतर करा' असे म्हणत नाही. स्वतःच्या मनाला दरडावून, आरशासमोर उभे राहून चांगली वाक्ये घोकून जे घडवायचे असते, त्याहून हे निराळे आहे. हाच पौल पुढे बंदिवासातून फिलिप्पैकरांना लिहितो, तेव्हा कशाचे मनन करावे याची यादी देतो, आणि त्या यादीत पहिला मान 'जे काही सत्य' याला मिळतो. श्रवणीय आणि प्रशंसनीय गोष्टी त्यानंतर येतात. हा क्रम सहज पडला असेल असे मला वाटत नाही, कारण हातात बेड्या असलेल्या माणसाने बेड्या नाहीत असे मानून केलेले चिंतन टिकले नसते.

चार वर्षांपूर्वी माझे यजमान दीर्घ आजाराने वारले. भेटायला आलेल्यांपैकी बहुतेकांनी मला पहिल्या आठवड्यातच सांगितले की ते प्रभूजवळ सुखात आहेत, तेव्हा रडू नये, रडणे हे अविश्वासाचे लक्षण आहे. ती सारी माणसे प्रेमळ होती आणि त्यांतल्या काहींनी महिनाभर माझ्या घरी डबा पोहोचवला, हेही नमूद केले पाहिजे. पण त्यांच्या त्या एका वाक्यामुळे मी जवळजवळ वर्षभर प्रार्थनेला बसू शकले नाही, कारण देवासमोर जायचे तर हसऱ्या चेहऱ्याने जायला हवे, अशी माझी समजूत झाली होती.

ती समजूत बायबलमधील विलापगीत या पुस्तकाने मोडली. यरुशलेम नगरी उद्ध्वस्त झाल्यानंतरच्या या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील 'देवाची करुणा रोज सकाळी नवी होते' हे वचन आमच्या कित्येक घरांच्या भिंतींवर चौकटीत लावलेले असते, परंतु त्याआधीच्या वीस ओव्या कोणी चौकटीत लावत नाही. त्या वीस ओव्यांत तो शोकाकुल माणूस म्हणतो की देवाने मला अंधारात कोंडले, माझी वाट चिऱ्यांनी अडवली, खडे चावायला लावून माझे दात पाडले. एवढे सगळे तोंडावर बोलून झाल्यावर एकविसाव्या ओवीत तो एक गोष्ट मनात आणतो आणि तिच्यामुळे त्याला आशा वाटू लागते. मन वळते ते त्या ठिकाणी, गाऱ्हाणे पूर्ण सांगून झाल्यावर. बायबलच्या बेचाळिसाव्या स्तोत्रातला भक्त तर 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?' असे स्वतःलाच विचारतो, आणि मराठी माणसाला हे बोलणे परके वाटू नये, कारण मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलण्याची रीत समर्थांपासून आणि दुष्काळात घरची माणसे गमावलेल्या तुकोबांपासून आपल्या अंगवळणी पडलेली आहे. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, त्यातले एक कारण मला येथे दिसते.

रमाबाईंचे उदाहरण याच संदर्भात पुन्हा पाहावे. १८७०च्या दशकातील दुष्काळात भटकत असताना त्यांनी आईवडील आणि बहीण गमावली. पुढे १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला आणि १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने वारले. तेव्हा मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, परंतु त्या दिवशी मनात लख्ख उजेड पडला असे त्यांनी कधीही म्हटले नाही. उलट, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त गवसायला आणखी कित्येक वर्षे लागली, अशी स्पष्ट कबुली त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. मधल्या काळात त्या धर्मगुरूंशी आणि मठातील भगिनींशी सिद्धान्तांवर पत्रांतून भांडत होत्या, मुंबईत १८८९ साली विधवांसाठी शारदा सदन उघडत होत्या आणि धर्मांतराच्या वादात पुण्यातील जुने स्नेही दुरावताना पाहत होत्या. त्या वादात कोणाचे किती चुकले हा येथे विषय नाही.

मग १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील उपाशी मुलींच्या वार्ता ऐकल्यावर रमाबाईंना स्वतःचे बालपण आठवले आणि त्या उठून तिकडे गेल्या. तेथून आणलेल्या शेकडो मुलींसाठी दौंड तालुक्यातील केडगावच्या माळावर 'मुक्ती' ही आश्रयसंस्था उभी राहिली. मला थांबावेसे वाटते ते येथे. वीस वर्षांपूर्वीची भूक त्या विसरल्या असत्या, किंवा 'मागचे उगाळू नये' या उपदेशाप्रमाणे ती आठवण त्यांनी मनात गाडून टाकली असती, तर मध्य प्रांताची गाडी त्यांनी पकडली असती का? आठवण तीच राहिली होती, पण तिच्याकडे पाहणारे मन बदलले होते. आपल्याच वाट्याला हे का आले, या प्रश्नाच्या जागी हे ज्यांच्या वाट्याला आज आले आहे त्या कोठे आहेत, हा प्रश्न आला. पुढे केडगावात शेती, विणकाम आणि छापखाना चालला, अंध स्त्रियांना ब्रेल शिकवले गेले. हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करण्याचे काम रमाबाई अखेरपर्यंत करत राहिल्या. त्यातही १९२१ साली मनोरमा गेली आणि १९२२ साली त्या स्वतः. विश्वासामुळे संकटे टळतात असे ज्यांना सांगायचे असेल, त्यांनी दुसरे उदाहरण शोधावे.

एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. शोक वेगळा आणि नैराश्याचा आजार वेगळा. महिनोन्महिने झोप लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जावे आणि सांगितलेली औषधे घ्यावीत. औषध घेणाऱ्याचा विश्वास कमी पडला, असे म्हणणारे उपदेशक मी ऐकले आहेत आणि त्यांनी किती नुकसान केले असेल याचा विचार करवत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन या वेळात आमच्या बहुतेक मंडळ्यांत (चर्चमध्ये) येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर उपदेश होतात. त्यांतला चौथा उद्गार 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हा आहे. स्वतः प्रभू येशूने बाविसाव्या स्तोत्रातले गाऱ्हाणे ओठांवर घेतले, हे आम्ही त्या दिवशी भक्तिभावाने ऐकतो आणि पुढच्याच आठवड्यात शेजारच्या विधवेला रडू नका म्हणून सांगतो. यंदा मंडळ्यांच्या पाळकांनी आणि पंचांनी एवढे करून पाहावे : चौथ्या उद्गाराच्या वेळी उपदेश थोडा आखडता घ्यावा आणि वर्षभरात ज्यांच्या घरी मृत्यू झाला आहे, अशा एखाद्या व्यक्तीला, तिची इच्छा असल्यास, अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचायला सांगावे. ते स्तोत्र अंधारातच संपते, त्याला समाधानाची ओवी नाही. ते वाचून झाल्यावर लगेच कोणी उठून त्याचा अर्थ समजावून सांगू नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
अहिल्यानगर