‘काका, तो खरं बोलतोय’

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

काल रात्री पोराने वरणभात मागून घेतला आणि पोटाशी पाय न घेता सरळ झोपला. हे कुणाला सांगावं, तर तुम्हालाच.

22 वर्षांचं पोर. स्वादुपिंडाला सूज म्हणून दोनदा अॅडमिट झालं आणि दोन्ही वेळा पहिला प्रश्न एकच, ‘दारू किती घेतोस?’ तो म्हणायचा, नाही घेत. मग मला बाजूला घेऊन तेच विचारायचे. दारू आणि पित्ताचे खडे ही नेहमीची कारणं, हे मला कळतं. पण खडे नाहीत म्हणजे पोरगं खोटं बोलतंय, हा कुठला हिशोब? पुढे सीटी स्कॅन झाल्यावर एकाने लिफ्टपाशी उभ्या उभ्या सांगितलं, ‘गाठही असू शकते,’ आणि लिफ्ट आली म्हणून निघून गेला.

तीन वर्षांपूर्वीची कोलायटिसची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेची, फाईल आम्ही मिठाईच्या पिशवीत घालून सगळीकडे नेत होतो. ‘ते आतड्याचं, हे वेगळं,’ एवढंच ऐकलं. तुम्ही मात्र चुरगळलेला कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट हाताने सपाट केलात आणि सीटीच्या फिल्मशेजारी ठेवलात. गोळ्या कोणत्या, कधीपासून, तेही विचारलंत, कारण कोलायटिसच्या काही औषधांनीही स्वादुपिंड सुजतं. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडावर उलटते, त्याला ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस म्हणतात, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. त्यातला टाइप 2 तरुणांमध्ये दिसतो, त्यातल्या बऱ्याच जणांना आतड्याचा असाच आजार असतो, आणि रक्तातलं आयजीजी4, म्हणजे या आजारासाठी तपासतात ती अँटीबॉडी, बहुधा नॉर्मलच येतं. आमचंही नॉर्मल आलं होतं, म्हणून आधी कुणी पुढे बघितलंच नाही.

बायोप्सीत कॅन्सर नाही हे कळल्यावरच तुम्ही स्टेरॉइड सुरू केलंत. दोन आठवड्यांत दुखणं गेलं.

पण मॅडम, त्या सगळ्याच्या आधी, पहिल्याच दिवशी, पेनाचं टोपण लावून तुम्ही माझ्याकडे वळलात. म्हणालात, ‘काका, तो खरं बोलतोय.’ पोराने मान खाली घातली. कान लाल झाले होते त्याचे. बाहेर रांग दारापर्यंत होती, तरी तुम्ही त्याला डोळे पुसू दिलेत, घाई केली नाहीत. शिकलेली माणसं पुष्कळ भेटतात हो. समोरच्याचं ऐकून घेणारं माणूस भेटायला नशीब लागतं.

मी एका रात्री त्याची बॅग उघडली होती, शर्ट हुंगला होता. त्या दिवशी परळहून लालबागला चालत येताना त्याला ते सांगितलं.

‘माहीत होतं मला, पप्पा,’ एवढंच म्हणाला.

आपला,
तुमच्या एका पेशंटचा बाप