व्हॅन मिसिंग मारते म्हणून आधी पेट्रोलला शिव्या नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हल्ली आमच्या डिचोली-साखळी भागात जुन्या ओम्नीनं (मारुतीची व्हॅन) जरा मिसिंग मारलं, म्हणजे इंजिनात मधेच इंधन न पेटता झटका बसला, की सगळ्यांचं एकच, पेट्रोलात इथेनॉल घालतात ना, त्याचं हे. पंपावर हेच, गॅरेजात हेच, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी उतरवणारा पण हेच सांगतो. इथेनॉलबद्दल माझी पण तक्रार आहे, ती पुढे सांगतो, पण गाडी मिसिंग मारली रे मारली की पेट्रोलवर ढकलायचं आणि मधल्या मधे गिऱ्हाईकाचे चार पार्ट बदलून मोकळं व्हायचं हे जे चाललंय ना त्यावर कुणीतरी लिहायला पाहिजे होतं म्हणून हे पत्र.

साधा हिशोब बघा. ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं, सिलिंडर, म्हणजे पेट्रोल जळून ताकद तयार होते ती नळकांडी, तीन, आणि जुन्या मॉडेलमध्ये तिन्हींना मिळून कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा पार्ट, एकच. म्हणजे पेट्रोल वाईट असलं तर ते तिन्ही सिलिंडरना वाईट जाणार. मग एकच सिलिंडर मेलेलं आणि बाकी दोन व्यवस्थित चालतायत असं असलं तर पेट्रोलचा दोष कसा? तिघांनी मिळून ओझं उचललंय आणि एकानं हात सोडला तर जो सोडतोय त्याला शोधायचं ना, तिघांच्या जेवणाला नावं ठेवून काय होणार. म्हणून पहिला प्रश्न एकच, कुठलं सिलिंडर? तो प्रश्न न विचारता जो पान्हा हातात घेतो त्याच्याकडे गाडी देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या वाड्याजवळ एकजण नुस्तें (मासळी) विकतो, त्याची ओम्नी पावसात सकाळी सकाळी फटफट करायची आणि दुपारी ऊन पडलं की शहाण्यासारखी चालायची. गॅरेजवाल्यानं ठिणगी पाडणारे प्लग बदलले, मग त्यांना जोरदार करंट देणारी कॉइल बदलली, मग कार्बोरेटरचं किट घातलं, आणि शेवटी म्हणतो पात्रांव (मालक), पेट्रोलच खराब येतंय. अहो पेट्रोल काय सकाळी खराब आणि दुपारी चांगलं असतं का! दुसऱ्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीनं डेल्कोची, म्हणजे प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, कॅप काढून उजेडात धरली तर आत एका टर्मिनलपासून दुसऱ्या टर्मिनलपर्यंत बारीक काळी रेघ. दमट हवेत करंट प्लगकडे जायच्या ऐवजी त्या रेघेवरून पळत होता. कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर बदलला, विषय संपला. आधी बदललेल्या पार्टांचे पैसे कोण परत देणार ते मात्र विचारू नका.

गोव्यात हा प्रकार जास्त होतो त्याला कारण आहे. समुद्राची खारी हवा, चार महिने पाऊस, आणि ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, रस्त्यावरच्या पाण्याला जवळ. प्लगच्या वायरींच्या टोकाला हिरवा गंज चढतो, इंजिनची अर्थिंगची पट्टी बॉडीला जिथं बोल्ट केलेली असते तिथं खाल्ली जाते, आणि वायरचं रबर बाहेरून चांगलं दिसलं तरी आतून तडकलेलं असतं. हे बघायचं असेल तर रात्री काळोखात गाडी चालू करा, सीट उचलून झाकण काढा आणि वायरींवर स्प्रेच्या बाटलीनं पाण्याचा अगदी हलका फवारा मारा, करंट गळत असेल तर निळ्या ठिणग्या डोळ्यांनी दिसतात. हात मात्र अजिबात लावायचा नाही, जबरदस्त झटका बसतो, आणि कार्बोरेटरजवळ पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग करायचाच नाही.

मेलेलं सिलिंडर शोधायची पद्धत सगळ्या जुन्या मेस्त्रींना माहीत आहे, पण वेळ नाही म्हणून करत नाहीत. इंजिन बंद करा, एका सिलिंडरची प्लग वायर काढून एखाद्या जुन्या प्लगला लावा, तो प्लग इंजिनच्या लोखंडाला नीट टेकवून बांधा, मग चालू करून आवाज ऐका. इंजिन आणखी लंगडलं तर ते सिलिंडर काम करत होतं. काहीच फरक पडला नाही तर हेच ते. मग त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्यात घाला आणि शेजारचा इकडे, दोष प्लगबरोबर गेला तर प्लग, नाही गेला तर तसंच वायरीचं करून बघा. परत लावताना फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-२ आहे हे ध्यानात ठेवा नाहीतर सायलेन्सरमधून बार निघतील आणि सगळा वाडा जागा होईल.

काढलेला प्लग फेकू नका, तो बघा. फिका चॉकलेटी असेल तर ठीक. कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पेट्रोलनं ओला असेल तर तिथं ठिणगीच पडत नाहीये. ऑइलनं चिकट झाला असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे (इंजिनच्या झडपांचे) सील गेले, आणि बाकीच्यांपेक्षा एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघाला तर हेड गॅस्केटमधून (इंजिनच्या डोक्याखालच्या पॅकिंगमधून) पाणी आत जातंय का बघा, रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर जास्तच संशय घ्या.

प्लग-वायर अदलाबदल करून पण दोष जागचा हलत नसेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायचं. त्या सिलिंडरचं बाकीच्यांपेक्षा बरंच कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजायचं, वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट, आणि शेजारशेजारची दोन्ही कमी असतील तर दोघांच्या मधलं गॅस्केट. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची सोडलेली फट, घट्ट झाल्यामुळे व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि हळूहळू जळतो, हे गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत जास्त दिसतं, तरी टॅपेट तपासायचं कुणी नाव काढत नाही कारण त्यात पार्ट विकला जात नाही.

गॅस किट असलेल्यांना तर देवानं फुकटची टेस्ट दिलीय. गॅसवर मिसिंग, पेट्रोलवर पण मिसिंग, तर करंट नाहीतर कॉम्प्रेशन. एकावरच मिसिंग असेल तर बहुतेक त्या इंधनाची लाइन. बहुतेक म्हणायचं कारण, गॅस पेटवायला करंट जास्त लागतो, म्हणून म्हातारी झालेली प्लग वायर पहिली गॅसवर बोंबलते आणि बिचाऱ्या गॅस किटवाल्याला ऐकून घ्यावं लागतं.

मिसिंग कधी होतंय हे पण मालकानं नीट सांगायला पाहिजे, नुसतं "झटके मारते" म्हणून चावी देऊन निघून जायचं नाही. बेळगावहून भाजी भरून चोर्ला घाट चढतानाच ओढत नसेल आणि रिकामी सपाटीवर चांगली असेल तर प्लगचा गॅप वाढलाय, कॉइल कमजोर आहे किंवा फिल्टर चोंदून पेट्रोल पुरत नाही. नुसती उभी असतानाच लंगडत असेल तर स्लो जेट (कार्बोरेटरमधलं हळू चालताना पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बघा किंवा सिलिंडरांकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून, तडकलेल्या व्हॅक्यूम पाइपमधून हवा घेतेय का ते बघा. ही हवा एकाच सिलिंडरच्या तोंडाशी घुसली तर तेवढंच एक सिलिंडर कमजोर पडतं. गरम झाल्यावरच होत असेल तर कॉइल आणि कंडेन्सर (डेल्कोबरोबरचा छोटा विजेचा पार्ट).

आता इथेनॉल. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या गाडीला अगदी सोसतं असं मी म्हणत नाही. जुन्या कार्बोरेटरचे रबर, डायफ्राम, पाइप त्यासाठी बनवलेले नाहीत, टाकीतली घाण सुटून फिल्टरला येते, मायलेज थोडं घटतं, आणि टाकीत पाणी गेलं तर ते इथेनॉलबरोबर खाली वेगळं बसतं. शंका असेल तर टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर खुशाल पंपावर जाऊन भांडा. पण त्यानं गाडी तिन्ही सिलिंडरवर रडते, एकावर नाही.

पीयूसीची चिठ्ठी आपण काचेला चिकटवतो नाहीतर डॅशबोर्डमध्ये कोंबतो, वाचत कुणी नाही. त्यात सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि हायड्रोकार्बन (न जळलेलं इंधन) असे दोन आकडे असतात. सीओ जास्त असेल तर पेट्रोल जास्त जातंय. सीओ बरोबर पण हायड्रोकार्बन चढलेलं असेल तर कुठंतरी पेट्रोल न जळता तसंच बाहेर पडतंय, म्हणजे मिसिंग. बीएस-२ आणि बीएस-३ (धुराच्या सरकारी नियमांचे टप्पे) च्या पेट्रोल चारचाकींना हायड्रोकार्बनची मर्यादा ७५० पीपीएम, त्याआधीच्यांना १५००. काही ठिकाणी स्क्रू फिरवून कसातरी आकडा बसवून देतात, त्यापेक्षा तो आकडा घेऊन मेस्त्रीकडे जा.

मारुतीची ईको किंवा तिच्यासारख्या नव्या गाड्यांत स्कॅनर लावला की पी०३०१, पी०३०२ असे कोड येतात, शेवटचा आकडा सिलिंडरचा. लोकांना वाटतं स्कॅनरनं रोग सांगितला. त्यानं फक्त खोलीचा नंबर सांगितला, आत काय झालंय ते मेस्त्रीनंच शोधायचं. चालताना चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो पार्ट प्लगच्या भावात येत नाही.

ओम्नी २०१९ ला बंद झाली, पण इलेक्ट्रिशियन, केटरिंगवाले, मंडपवाले, चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचं) सामान घेऊन फिरणारे सगळे अजून तिच्यावरच पोट भरतात. म्हणून गॅरेजवाल्यांना माझी विनंती, बिलावर पार्टच्या नावाआधी कुठली टेस्ट केली आणि कुठलं सिलिंडर निघालं तेवढं एका ओळीत लिहा, आणि काढलेला पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्या. टेस्टचे वेगळे पैसे लावा, आम्ही देऊ, फुकट कुणी मागत नाही. फर्मागुडी, म्हापसा, डिचोलीच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या पोरांना पण डेल्को आणि त्यातला करंट जोडणारा-तोडणारा पॉइंट हाताळायची सवय राहू द्या, सगळंच काही स्कॅनरला कळत नाही.

आणि डेल्कोची कॅप घ्यायला जाल तेव्हा आतली टर्मिनल पितळेची आहेत ना बघून घ्या, स्वस्तात अ‍ॅल्युमिनियमची मिळतात, ती आपल्या हवेत लवकर पांढरी पडतात.

आपला,
एक जुना व्हॅनवाला, डिचोली