ऑपरेशनला पैसे आहेत, मग थेरपीला का नाहीत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बजेट आलं की आरोग्यावरचा खर्च किती वाढला याची चर्चा होते, ती व्हायलाच पाहिजे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात 2025 पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या 2.5 टक्क्यांवर न्यायचा असं ठरलं होतं आणि आपण अजून तिथे पोचलेलो नाही. पण जो पैसा आहे तो दिव्यांगांच्या बाबतीत कशावर जातो हे कुणीतरी नीट बघा. एकदाच होणाऱ्या गोष्टींवर जातो, ऑपरेशन, शिबिर, साहित्य वाटप. रोज लागणाऱ्या गोष्टी घरच्यांनी बघायच्या.

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हातापायांच्या हालचालींवर नीट ताबा राहत नाही. या मुलांची टाचेमागची शीर आखडत जाते, पाऊल चवड्यावर येतं, मग बऱ्याच जणांचं ऑपरेशन करून ती शीर लांब करावी लागते. आयुष्मान भारतमध्ये 5 लाखांचं कव्हर आहे, चांगली योजना आहे, गरिबाला त्याचा आधार आहेच. पण ते कव्हर अ‍ॅडमिट झाल्यावरचं, आणि डिस्चार्जनंतर फक्त 15 दिवसांपर्यंतचं. अहो खरं काम तर प्लास्टर काढल्यावर सुरू होतं, रोजचं स्ट्रेचिंग, उभं करणं, आधार देऊन चालवणं, हे महिनोन्‌महिने करावं लागतं आणि ते थांबलं की शीर परत आखडायला लागते, म्हणजे मुलाचे हाल झाले ते झालेच आणि सरकारने ऑपरेशनवर घातलेला पैसा पण पाण्यात गेला.

पाऊल सरळ धरून ठेवायला पायात घालतात त्या स्प्लिंटचं तसंच. केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेत साधनं मिळतात, पण तेच साधन परत घ्यायचं तर 3 वर्षं थांबा, 12 वर्षांखालच्या मुलांना 1 वर्ष. मूल थांबतं का वाढायचं? बोटं स्प्लिंटच्या पुढे यायला लागतात, वेल्क्रो झिजून पट्टा सुटतो, घोट्याच्या हाडावर घासून आधी लाल चट्टा उठतो मग कातडी सोलवटते, मग ते पोर स्प्लिंट बघितली की पाय आखडून घेतं. आणि नाही घातली की पाऊल परत वाकडं. शिबिरात मिळणाऱ्या व्हीलचेअरला मी नावं ठेवणार नाही, कित्येकांनी तिच्यामुळेच घराबाहेरचं जग पाहिलंय. फक्त तिचं पुढचं छोटं चाक तुटलं तर ते कुठे मिळणार, कोण बसवून देणार, पैसे कोण देणार?

पेन्शनबद्दल काय बोलायचं. केंद्राची दिव्यांग पेन्शन महिन्याला 300 रुपये, 2012 पासून तेवढीच, ती पण दारिद्र्यरेषेखालच्या, 80 टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना आणि 18 वर्षं पूर्ण झाल्यावर. राज्य संजय गांधी निराधार योजनेतून मदत करतं म्हणून निदान थोडं तरी भागतं. पण या मुलांना उठवणं, अंघोळ घालणं, भरवणं, थेरपीला नेणं हे सगळं करणारी बहुतेक घरांत आईच असते, ती नोकरी सोडते आणि तिच्या कामाचा हिशोब कुठेच धरला जात नाही. खरं तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 24 मध्ये जास्त मदतीची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्ता स्पष्ट लिहिलेला आहे. कायदा होऊन इतकी वर्षं झाली, आमच्यासारख्या घरांना तो अजून दिसलेला नाही.

दिव्यांगांसाठीच्या केंद्राच्या निरामय आरोग्य विम्यात थेरपीचा खर्च धरतात हे मान्य, पण तो काही ठरावीक दिव्यांगत्वांनाच, त्यातही थेरपीला मर्यादा, शिवाय आधी खिशातून भरा मग बिलं जोडून मागा. ज्याच्याकडे आधी भरायलाच नाहीत त्याने काय करायचं?

पैसा अजिबात नाही असं कुणी म्हणू नये. महाराष्ट्रात महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांनी स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा नियम आहे, आणि हा निधी पडून राहिल्याच्या किंवा मार्चएंडला घाईघाईने वाटून टाकल्याच्या तक्रारी दरवर्षी कुठून ना कुठून येतातच. त्याच पैशातून प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक फिजिओथेरपिस्ट आणि एक स्पीच थेरपिस्ट कायमचे ठेवा, आठवड्यातून एकदा येऊन सही करून जाणारे नकोत. व्हीलचेअर, कॅलिपर (पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या) दुरुस्त करणारा एक माणूस आणि त्याच्याकडे सुटे भाग ठेवा. वाढत्या मुलांच्या स्प्लिंटला वर्षाची अट नको, डॉक्टरने लिहून दिलं की नवीन द्या.

आणि काळजीवाहक भत्ता राज्यात कधीपासून, किती आणि कुणाला मिळणार हे येत्या अधिवेशनात आमदारांनी विचारावं आणि सरकारने तारखेसकट उत्तर द्यावं. तुमच्या पेपरने हा प्रश्न लावून धरावा ही कळकळीची विनंती.

आपला,
एक पालक