शिडीवरून पडण्याच्या अपघाताला ‘विमानोड्डाण’ ठरवून दावा फेटाळल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
सामूहिक वैयक्तिक अपघात विमा विभाग

विषय: आमच्या सदस्याचा फेटाळलेला दावा पुन्हा विचारात घेऊन मंजूर करण्याबाबत

महोदय,

गेल्या ऑक्टोबरात आमच्या संघटनेचे एक सदस्य शिडीवरून पडले आणि त्यांच्या उजव्या खुब्याजवळ मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. अजून ते वॉकर घेऊनच चालतात. आपल्या विमा कंपनीच्या सामूहिक अपघात पॉलिसीखाली त्यांनी केलेला दावा आपण नाकारला आहे. पत्रात कारण दिले आहे ते असे: विमाधारक माजी लष्करी वैमानिक असून अपघात हेलिकॉप्टरवर काम करताना घडला, म्हणून तो विमानोड्डाणाशी संबंधित अपवादाच्या कलमात बसतो. हे कारण आम्हाला मान्य नाही. संघटनेचा सचिव या नात्याने, आणि पॉलिसी घेताना प्रत्येक बैठकीला हजर असलेला माणूस म्हणून, मी ही तक्रार करत आहे.

आम्ही नाशिकमधले, लष्कराच्या हवाई शाखेतून, म्हणजे आर्मी एव्हिएशन कोअरमधून निवृत्त झालेले वैमानिक आणि तंत्रज्ञ आहोत. लष्कराचे वैमानिक घडवणारी प्रशिक्षण शाळा याच शहरात आहे, त्यामुळे निवृत्तीनंतर इथेच घर केलेले आमच्यासारखे पुष्कळ. आमचे काम दिसायला साधे असते. नुकत्याच निवृत्त झालेल्या वैमानिकाला नागरी परवाना हवा असतो, त्यासाठी हवाई नियम, हवामानशास्त्र, नेव्हिगेशन (मार्ग शोधणे) असे विषय पुन्हा अभ्यासून डीजीसीएच्या, म्हणजे नागरी हवाई वाहतुकीच्या नियामकाच्या, परीक्षा द्याव्या लागतात. त्याला पुस्तके आणि शिकवणारा माणूस आम्ही मिळवून देतो. वीरपत्नींच्या पेन्शनचे कागद अडले की कोणीतरी सोबत जाऊन बसतो. कुठे हेलिकॉप्टर कोसळल्याची बातमी आली की त्या घरी लगेच पोहोचणाऱ्यांत आमचे लोक असतात. इतक्या जवळून अपघात पाहिलेल्या माणसांना विम्याचे महत्त्व कोणी समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच ही पॉलिसी आम्ही डोळसपणे घेतली.

आणि ती घेताना काय बोलणे झाले होते, ते आपल्या नोंदींत असणारच. उड्डाणाच्या अपघातासाठी आम्ही विमा मागितलाच नव्हता. वैयक्तिक अपघात पॉलिसीत विमानोड्डाणाचा अपवाद असतो, प्रवासी म्हणून केलेला प्रवास तेवढा त्यातून सुटतो, हे आम्हाला आधीपासून ठाऊक होते. आमचे जे सदस्य आजही हेलिकॉप्टर चालवतात, त्यांचा उड्डाणाचा विमा त्यांच्या कंपन्या वेगळा काढतात. आम्हाला संरक्षण हवे होते ते स्कूटरवरून घसरण्यासाठी, जिन्यावरून पडण्यासाठी, हँगरमध्ये हात अडकण्यासाठी. जमिनीवरचे अपघात. आपल्या प्रतिनिधींनी ते मान्य केले आणि प्रपोजल फॉर्मसोबत सर्व सदस्यांची यादी घेतली. त्या यादीत प्रत्येकाचा आजचा व्यवसाय लिहिलेला होता. त्या रकान्यावरूनच आपण जोखीम गट ठरवलेत. विमानांच्या आसपास काम करणाऱ्यांचा, म्हणजे देखभाल करणारे आणि फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवणारे, यांचा हप्ता आपण बाकीच्यांपेक्षा जास्त लावलात. जखमी झालेले सदस्य याच वरच्या गटात आहेत. ते एका प्रशिक्षण संस्थेत वर्गात शिकवतात. विमानाजवळ वावरण्याची जोखीम आहे म्हणून जादा हप्ता घ्यायचा आणि विमानाजवळ अपघात झाला म्हणून दावा नाकारायचा, हे दोन्ही एकाच पॉलिसीत कसे बसते, याचे उत्तर आपल्या पत्रात कुठेही नाही.

आता प्रत्यक्ष अपघाताबद्दल. शहरातल्या एका संस्थेच्या आवारात सेवेतून काढलेले एक चेतक हेलिकॉप्टर चौथऱ्यावर उभे आहे. त्याची निगा आमची संघटना स्वखुशीने राखते. 1 नोव्हेंबर हा आमच्या कोअरचा स्थापना दिवस. 1986 साली याच दिवशी ती स्वतंत्र झाली. त्याआधी हे काम तोफखान्याच्या एअर ओपी, म्हणजे हवेतून टेहळणी करणाऱ्या, तुकड्या करत, आणि आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ सदस्य त्या काळातले आहेत. पावसाळा संपला की त्या दिवसाच्या आधी आम्ही गंज खरवडून, प्रायमर मारून चेतकला नवा रंग देतो. त्या सकाळीही तेच चालले होते. सदस्य घडीच्या शिडीवर उभे राहून शेपटाकडचा भाग घासत होते. शिडी फरशीवर उभी होती, हेलिकॉप्टरला टेकवलेली नव्हती. फरशी ओली होती, शिडीचा पाय सरकला आणि ते कुशीवर पडले. ते हेलिकॉप्टरवर चढलेले नव्हते, आत बसलेले नव्हते, त्यातून उतरतही नव्हते. तिथे हजर असलेल्या तिघांचे लेखी जबाब आणि त्याच दिवशी काढलेली छायाचित्रे आम्ही दाव्यासोबत दिली होती. आपल्या तपासनिसांनी जागा येऊन पाहिली नाही.

आले असते तर त्यांना काय दिसले असते, ते लिहितो. त्या चेतकमध्ये इंजिन नाही. मुख्य गिअरबॉक्स काढून टाकलेला आहे. पाती वाऱ्याने फिरू नयेत म्हणून जखडलेली आहेत. तिन्ही चाके चौथऱ्याच्या काँक्रीटमध्ये पक्की केलेली आहेत. आपल्या कलमात विमानात ‘चढताना, उतरताना किंवा त्यातून प्रवास करताना’ झालेला अपघात वगळला आहे. प्रवास होऊ शकेल असे तिथे काहीही नाही. देशाच्या कायद्याने, आधीच्या 1934 च्या विमान कायद्याने आणि त्याच्या जागी आलेल्या 2024 च्या भारतीय वायुयान अधिनियमानेही, हवेच्या प्रतिक्रियेवर वातावरणात आधार घेऊ शकणाऱ्या यंत्राला विमान मानले आहे. इंजिनाविना काँक्रीटमध्ये रोवलेला सांगाडा त्यात येत नाही. पण समजा आला, तरीही जमिनीवरच्या शिडीवरून पडलेला माणूस त्या यंत्रात चढत नव्हता आणि उतरतही नव्हता. कलम लागू होण्यासाठी जे सिद्ध करावे लागते, त्यातले काहीच आपण सिद्ध केलेले नाही. आणि अपवाद लागू होतो हे दाखवण्याची जबाबदारी विमा कंपनीची असते, विमाधारकाची नव्हे. न्यायालयांनी हे वारंवार सांगितले आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा 2022 चा एक निकाल आपल्या विधी विभागाला माहीत असेल. तळघरातल्या दुकानाचा विमा कंपनीने दुकान पाहून काढला, हप्ते घेतले, आणि आग लागल्यावर तळघर पॉलिसीतून वगळलेले आहे असे सांगून दावा नाकारला. सुरुवातीपासून माहीत असलेल्या गोष्टीचा आधार घेऊन मूळ करारच पोकळ करणारा अपवाद न्यायालयाने मान्य केला नाही. आमची बाब याहून वेगळी नाही. पॉलिसी लष्करी वैमानिक आणि तंत्रज्ञांच्या संघटनेच्या नावावर आहे. आमचे लोक हेलिकॉप्टरांच्या आसपास वावरतात हे कंपनीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. हेलिकॉप्टरजवळ झालेला प्रत्येक अपघात ‘उड्डाण’ ठरणार असेल, तर हँगरमध्ये काम करणाऱ्या आमच्या तंत्रज्ञांकडे आज कुठलाच विमा नाही, आणि हे त्यांना अपघात झाल्यावर कळणार.

दुसरी तक्रार मला पहिल्याइतकीच गंभीर वाटते. दावा तपासताना आपल्या कार्यालयाने या जखमी सदस्याकडे त्यांच्या लष्करी सेवेतले फ्लाइंग लॉगबुक आणि जुने वैद्यकीय मंडळांचे अहवाल मागितले. वैमानिकाच्या लॉगबुकात प्रत्येक सॉर्टीची, म्हणजे उड्डाणाची, नोंद असते: तारीख, हेलिकॉप्टर, दिवस की रात्र, किती वेळ, कामगिरी कोणती. या सदस्यांनी सियाचीनमध्ये चीता हेलिकॉप्टर चालवले आहे. 1984 च्या एप्रिलात ऑपरेशन मेघदूत सुरू झाल्यापासून तिथल्या चौक्या या एका इंजिनाच्या हेलिकॉप्टरवर अवलंबून राहिल्या आहेत. त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की सर्वांत वरच्या चौक्यांवर एखाद-दुसऱ्या जेरीकॅनएवढेच ओझे नेता येते, आणि परतताना बर्फाने हातपाय गेलेला जवान असतो. त्या नोंदी लष्करी सेवेच्या आहेत. खुब्याचे हाड ओल्या फरशीवर मोडले की नाही, हे ठरवायला त्यांचा काडीचाही उपयोग नाही. सदस्यांनी ते देण्यास नकार दिला आणि संघटनेचा त्यांना पूर्ण पाठिंबा आहे. त्या नकाराचा उल्लेख आपण पत्रात ‘असहकार्य’ असा केला आहे. तो काढून टाकावा.

वैद्यकीय अहवालांबद्दलही थोडे. हेलिकॉप्टरच्या सततच्या कंपनाने आणि पुढे वाकून बसण्याने वैमानिकांना पाठीचे दुखणे जडते. हवाई वैद्यकशास्त्रात त्यावर बराच अभ्यास झालेला आहे. आपल्या पत्रात ‘पूर्वीच्या व्यावसायिक दुखण्याची शक्यता’ असे एक वाक्य आहे. पाठीचे दुखणे आणि खुब्याजवळचे हाड मोडणे यांचा संबंध कुठल्याही डॉक्टरने लिहिलेला नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या प्रमाणपत्रात कारण स्पष्ट आहे: उंचीवरून पडल्याने झालेली इजा. शक्यतेवर दावा नाकारता येत नाही.

रुग्णालयाचा खर्च माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेतून झाला, त्याची मागणी आम्ही केलेली नाही. मागणी आहे ती तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वाच्या साप्ताहिक भरपाईची, पॉलिसीत ठरल्याप्रमाणे दर आठवड्याला विमारकमेच्या एक टक्का. सदस्यांना तासांवर मानधन मिळते; वर्गात उभे राहता येत नाही तोवर ते बंद आहे. मुलीचे शिक्षण चालू आहे. ही रक्कम त्यांच्या घराला आज हवी आहे.

दावा नाकारण्याचा निर्णय क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीने झाला का, हेही कळवावे. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार आरोग्य विम्यात, ज्यात वैयक्तिक अपघात विमाही मोडतो, या मंजुरीशिवाय दावा नाकारता येत नाही, आणि नाकारताना पॉलिसीतली नेमकी अट दाखवावी लागते. आपल्या पत्रावर एका अधिकाऱ्याची सही आहे, समितीचा उल्लेख नाही.

आमची मागणी आहे की हा दावा समितीपुढे नव्याने ठेवून साप्ताहिक भरपाई अपघाताच्या तारखेपासून व्याजासह द्यावी. तसेच हँगर, फ्लाइंग स्कूल आणि प्रदर्शनातली विमाने अशा ठिकाणी जमिनीवर झालेले अपघात या पॉलिसीत येतात, असे संघटनेला लेखी द्यावे. हे दुसरे पत्र मिळेपर्यंत नूतनीकरणाचा हप्ता आम्ही भरणार नाही. एक महिन्यात समाधानकारक उत्तर आले नाही तर सदस्य स्वतः पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात तक्रार दाखल करतील. तिथे वकील लागत नाही, शुल्कही नाही. अर्ज आम्ही लिहून तयार ठेवला आहे.

हे पत्र लिहिताना मला त्या चेतकजवळ येणाऱ्या शाळांच्या सहलींचीही काळजी आहे. 2022 च्या मे महिन्यात कॅप्टन अभिलाषा बराक नाशिकला विंग्ज, म्हणजे वैमानिकाचे बोधचिन्ह, मिळवून लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. तेव्हापासून मुली जास्त येतात, जास्त प्रश्न विचारतात, आणि उत्तरे द्यायला आमचे निवृत्त लोक तिथे उभे असतात. आपले पत्र वाचल्यापासून काही सदस्यांच्या घरच्यांनी त्यांना तिथे जायला मनाई केली आहे, कारण पडलो-झडलो तर विमा नाही. ती मनाई उठवणे आपल्या हातात आहे.

आपल्या तपासनिसांना जागा पाहायची असेल तर कोणत्याही दिवशी यावे. आधी फोन केला तर किल्ली घेऊन मी स्वतः येईन. शिडी अजून तिथल्या खोलीत आहे.

आपला,
सचिव,
निवृत्त लष्करी वैमानिक व तंत्रज्ञांची संघटना, नाशिक

सोबत: दावा नाकारल्याचे पत्र, प्रपोजल फॉर्म व सदस्य यादीची प्रत, साक्षीदारांचे जबाब, छायाचित्रे, अस्थिरोगतज्ज्ञांचे प्रमाणपत्र, मानधन बंद असल्याचे प्रशिक्षण संस्थेचे पत्र